टोस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वयंपाकातल्या इंग्रजी शब्दांपैकी सर्वांत जास्त प्रश्न 'करी'वर येतील असा अंदाज होता. आले 'टोस्ट'वर. त्यातले पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. 'टोस्ट' हा शब्द मुळात कुठला?

इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'तोर्रेरे' असं क्रियापद आहे. त्याचा अर्थ उन्हाने किंवा आगीने वाळवणं, कोरडं करणं. त्याचं 'तोस्तुस' हे रूप म्हणजे वाळलेला, होरपळलेला. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये त्यावरून 'तोस्तारे' हे नवं क्रियापद झालं आणि फ्रेंच मार्गाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत पोचलं. इंग्रजीत आधी क्रियापद आलं. भाजलेल्या पावाच्या तुकड्याला 'टोस्ट' हे नाव पंधराव्या शतकात मिळालं.

म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळात ना पाव आहे, ना लोणी. तिथे आहे तो कोरडेपणा. पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

२. 'तहान' आणि 'टोस्ट' एकाच कुळातले आहेत असं वाचलं. खरं आहे की व्हॉट्सॲपवरची गंमत?

खरं आहे. 'कोरडं पडणं' या अर्थाच्या एका फार जुन्या भारत-युरोपीय धातूच्या या दोन शाखा आहेत. संस्कृतात त्याचं 'तृष्' झालं. त्यावरून तृषा आणि तृष्णा हे शब्द आले. तृष्णेचं प्राकृतात 'तण्हा' झालं आणि मराठीत 'तहान'. लॅटिनमध्ये त्याच धातूचं 'तोर्रेरे' झालं आणि त्यातून टोस्ट आला. इंग्रजीतला तहानेचा शब्द 'थर्स्ट' आणि जर्मनमधला 'डुर्स्ट' हेही त्याच घरचे. इंग्रजीकडे हा धातू असा दोनदा आला आहे. एकदा थेट वारसाने आणि एकदा फ्रेंचांच्या हातून.

एक सावधगिरी घ्यायला हवी. 'तहान'पासून 'टोस्ट' झाला, असं म्हणू नका. हे दोघे चुलत भावंडं आहेत, त्यांच्यात बाप-लेकाचं नातं नाही.

या कुळात आणखीही मंडळी आहेत. लॅटिन 'तेर्रा' म्हणजे जमीन, समुद्राच्या उलट असलेली कोरडी जागा. तिच्यावरून 'टेरेस' आला. मे महिन्यात टेरेसवर वाळवण घालणाऱ्या बाईला हे सांगून बघा, शब्दाचा मूळ अर्थ ती रोज जगतेच आहे. 'टॉरेंट', म्हणजे धो धो लोंढा, हाही 'तोर्रेरे'चाच वंशज, हे मात्र पटकन पटत नाही. तिथे अर्थ जळणारा, उकळणारा, उसळणारा असा सरकत गेला.

३. मूळ अर्थ फक्त 'कोरडं करणं' असेल, तर टोस्टचा तांबूस रंग आणि खमंग वास कुठून आला?

कोरडेपणातूनच आला. पावात पाणी आहे तोवर पृष्ठभागाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार पुढे जात नाही, कारण सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. वरचा पापुद्रा सुकला की पारा चढतो. साधारण १४० अंशांच्या पुढे पिठातल्या शर्करा आणि अमिनो आम्लं यांची प्रक्रिया जोरात चालते. तिच्यातून तपकिरी रंग आणि तो वास तयार होतो. लुई-कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती मेयार प्रक्रिया. ओलसर पाव टोस्टरमध्ये जास्त वेळ का घेतो, हेही यातूनच कळतं.

४. 'टोस्ट' आणि 'रोस्ट' हे भाऊच ना?

यमक जुळतं, नातं नाही. 'रोस्ट' जर्मानिक कुळातला. जाळीवर ठेवून भाजणं हा त्याचा मूळ अर्थ. जर्मनमध्ये 'रोस्ट' म्हणजे आजही शेगडीची जाळी. इंग्रजीत त्याचा प्रवासही फ्रेंचमधून झाला, त्यामुळे दोघे एकाच गाडीतून उतरलेले दिसतात.

वापरातला फरक असा की कच्चा, मोठा जिन्नस आतपर्यंत शिजवायचा तर रोस्ट, आणि आधीच शिजलेल्या किंवा सुक्या वस्तूचा पृष्ठभाग कुरकुरीत करायचा तर टोस्ट. उडप्याकडचा 'रवा रोस्ट' या दोन्हींत बसत नाही. तिथे 'रोस्ट' म्हणजे नुसता कडक, कुरकुरीत डोसा, आणि तो तसाच छान आहे.

५. इंग्रजी पाककृतीत 'जिरं टोस्ट करा' असं असतं. मराठीत लिहिताना काय लिहावं?

'जिरं कोरडं भाजून घ्या.' एवढंच.

हा प्रश्न पाककृतींचे अनुवाद करणारे हमखास विचारतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. इंग्रजी क्रियापदं साधनावरून वेगळी होतात. भट्टीत ठेवलं तर एक, जाळीवर ठेवलं तर दुसरं, वरून आच दिली तर तिसरं. मराठीत 'भाजणं' हे एकच क्रियापद वांग्याला, भाकरीला, शेंगदाण्यांना, रव्याला आणि पापडाला पुरतं. आपण छटा दाखवतो त्या क्रियाविशेषणांनी: कोरडं भाजणं, खमंग भाजणं, खरपूस भाजणं, मंद आचेवर भाजणं, नुसता वास सुटेपर्यंत भाजणं. तेल आलं की 'परतणं' आणि धगीजवळ नुसती ऊब द्यायची असेल तर 'शेकणं'. 'भाजणं' आलं संस्कृत 'भ्रज्ज्' धातूवरून आणि त्याची सर्वांत खमंग लेक म्हणजे थालीपिठाची भाजणी.

त्यामुळे 'तीळ टोस्ट करून घ्या' असं मराठी वाचलं की मला तरी तिळाला विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. पाव टोस्टरमध्ये घालणार असाल तर मात्र 'टोस्ट करा' म्हणायला काही हरकत नाही.

६. आपण बेकरीतल्या त्या कडक तुकड्याला टोस्ट म्हणतो. इंग्रजीत त्याला 'रस्क' म्हणतात. मग आपलं चुकतंय का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. सूर बहुतेक वेळा अपराधी असतो, कारण परदेशातून आलेल्या भाच्याने किंवा इंग्रजी शाळेतल्या नातीने चूक काढलेली असते.

चुकत नाही. बेकरीतला टोस्ट कसा होतो ते बघा. किंचित गोडसर पाव आधी नेहमीसारखा भाजतात, गार होऊ देतात, मग त्याचे काप करून पुन्हा भट्टीत लावतात. त्यातलं सगळं पाणी उडेपर्यंत. उरतो तो अक्षरशः 'तोस्तुस', आरपार वाळलेला. न्याहारीच्या स्लाइसचा फक्त वरचा थर सुकतो आणि आत ती मऊच राहते. लॅटिन धातूला विचाराल तर नाव शोभतं ते आपल्या टोस्टलाच. इंग्रजीतला आजचा वापर वेगळा आहे, म्हणून लंडनच्या हॉटेलात टोस्ट मागितला तर स्लाइस येईल हे लक्षात ठेवायचं, इतकंच.

'रस्क' हा शब्दही इंग्रजांचा घरचा नाही. स्पॅनिश-पोर्तुगीज 'रोस्का' म्हणजे पिळाची कडी, त्या आकाराचा पाव. जहाजावर टिकणारा कडक पाव म्हणून तो शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरला. आपल्याला 'पाव' पोर्तुगिजांनी दिला, इंग्रजांना 'रस्क'.

याहून मजेदार गोष्ट 'बिस्किटा'ची आहे. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेला. 'बिस'चा संस्कृत जोडीदार 'द्विः', आणि 'कोक्तुस' ज्या धातूचा त्याचा जोडीदार 'पच्', ज्यावरून पाक, पक्व, पक्वान्न झाले. बिस्किट म्हणजे सरळ 'द्विपक्व'. जर्मनमधला 'त्स्वीबाक' हाही शब्दशः 'दोनदा भाजलेला'. म्हणजे खरं बिस्किट म्हणायचं तर आपला टोस्ट, आणि पुड्यातली बिस्किटं बहुतेक एकदाच भाजलेली असतात. पण आता बेकरीत जाऊन 'अर्धा किलो बिस्किट' म्हणत टोस्टकडे बोट दाखवू नका.

७. 'टोस' म्हणणं अशुद्ध आहे का?

बोलण्यात शेवटचा जोडाक्षरातला 'ट' गळतो, त्यात नवल नाही. लिहिताना 'टोस्ट' लिहा, चहाबरोबर 'टोस' म्हणा. आमच्या घरी टोस्ट हा शब्द फक्त पाहुण्यांसमोर निघायचा.

८. मग सकाळच्या लोणी लावलेल्या स्लाइसला काय म्हणावं?

'ब्रेड टोस्ट' म्हटलं की घोळ होत नाही. 'टोस्ट-बटर' म्हणाल तर होतो, कारण आपल्याकडे 'बटर' हाही बेकरीतला एक पदार्थ आहे: कडक, गोल, चहात बुडवल्यावर फुगणारा. 'येताना टोस्ट-बटर आण' या निरोपावर एकाने पाकिटं आणावीत आणि दुसऱ्याने स्लाइस ब्रेड आणि लोणी, हे अगदी शक्य आहे. मुंबईच्या सँडविचवाल्याचा 'साधं की टोस्ट?' हा प्रश्न त्यामानाने निःसंदिग्ध आहे. हिरवी चटणी, बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो हे सगळं दोन्हींत तेच. 'टोस्ट' म्हटलं की ते दांड्याच्या साच्यात मिटून शेगडीवर जातं.

९. लग्नात पेला उंचावून 'टोस्ट' करतात. त्याचा पावाशी काय संबंध?

पाव खरोखरच पेल्यात असायचा. इंग्लंडमध्ये वाइन किंवा बिअरमध्ये भाजलेल्या पावाचा, बऱ्याचदा मसाला लावलेला, तुकडा टाकायची पद्धत होती. पेयाला चव यायची आणि तळाशी भिजलेला तुकडा खाता यायचा. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये नदीत गटांगळ्या खाऊन आलेला फॉल्स्टाफ वाइन मागवतो आणि तिच्यात टोस्ट टाकायला सांगतो, ते हेच.

सतराव्या शतकाच्या शेवटाकडे कल्पना एक पाऊल पुढे गेली. मैफलीत एखाद्या सुंदर स्त्रीचं नाव घेऊन प्यायचं. तिच्या नावाने पेयाला चव येते, जशी टोस्टने येते. त्यामुळे ती स्त्रीच 'टोस्ट' झाली. लंडनच्या किट-कॅट क्लबात अशा स्त्रियांवरच्या ओळी काचेच्या पेल्यांवर कोरत. मग अर्थ स्त्रीवरून त्या प्राशनाकडे सरकला. तिथून ज्याच्या सन्मानार्थ प्यायचं त्या कुणाकडेही, आणि शेवटी त्या वेळी केलेल्या छोट्या भाषणाकडे. आज पेल्यात पाव टाकला तर वाढपी पेला बदलून देईल, पण शब्द तोच राहिला.

१०. बाथच्या हौदात उभ्या असलेल्या सुंदरीची गोष्ट ऐकली आहे. तीच या शब्दाची सुरुवात का?

ती गोष्ट 'टॅटलर' या लंडनच्या नियतकालिकाने १७०९ साली छापली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळात बाथ गावातल्या स्नानकुंडात एक प्रसिद्ध सुंदरी उतरली होती. एका चाहत्याने तिच्या भोवतीचं पाणी पेल्यात घेऊन तिच्या नावाने प्यायलं. शेजारी एक अर्धवट झिंगलेला गृहस्थ उभा होता. तो म्हणाला, पेय नको, मला टोस्टच हवा, आणि कुंडात उडी मारायला निघाला.

किस्सा फक्कड आहे, पण छापला गेला तो घटनेचा म्हणून सांगितलेला काळ उलटल्यावर काही दशकांनी. त्यातला विनोद कळायलाही पेल्यात टोस्ट टाकायची पद्धत आधीपासून माहीत असावी लागते. प्रश्न ९ मधला प्रवास भक्कम आहे. हा किस्सा त्यावरची नक्षी.

११. याला मराठीत काय म्हणावं? 'टोस्ट देणे' चालेल?

'टोस्ट देणे' वाचून मराठी माणूस चहा शोधेल. 'नवदांपत्याच्या नावाने पेले उंचावले' हे सरळ आणि पुरेसं आहे. आपल्या रीतीत ही प्रथा नाही, त्यामुळे एका शब्दाचा अट्टहास करू नये. अमेरिकेतल्या मराठी लग्नांत आता मंगलाष्टकं आणि टोस्ट दोन्ही असतात, आणि मामाला दोन्हीकडे माइक हवा असतो.

१२. मुलगी 'टोस्टमास्टर्स'ला जाते. तिथे टोस्ट मिळतो का?

मिळत नाही. मेजवानीत कोण कधी बोलणार हे सांगणारा तो टोस्टमास्टर, म्हणजे आपला सूत्रसंचालक. ते नाव घेऊन राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे वक्तृत्वाच्या सरावाचा गट सुरू केला. आता पुण्या-मुंबईतही त्याच्या शाखा आहेत.

१३. फ्रेंच लोकही 'टोस्ट' म्हणतात. मग त्यांनी दिलेला शब्द त्यांनीच परत घेतला का?

हो. जुनं फ्रेंच क्रियापद मागे पडलं आणि आजचा 'तोस्त', पावाचाही आणि पेल्याचाही, इंग्रजीतून परत आला. पावाच्या भाजलेल्या कापाला स्पॅनिशमध्ये 'तोस्तादा' म्हणतात, तो मात्र लॅटिनमधून थेट आला. पण पेला उंचावताना स्पॅनिश माणूस 'ब्रिंदिस' म्हणतो, तो जर्मन 'तुला हे आणलं' या बोलांवरून.

१४. फ्रेंच टोस्ट खरंच फ्रेंच आहे का?

पदार्थ फ्रान्सहून जुना आहे. अपिसियसच्या नावाने चालणाऱ्या रोमन पाकसंग्रहात पावाचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध घालायची कृती आहे. फ्रेंच लोक त्याला 'पें पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव, शिळ्याचं सोनं केलेला. इंग्रजीत 'फ्रेंच टोस्ट' हे नाव रॉबर्ट मे याच्या १६६० सालच्या पाकपुस्तकात सापडतं. त्याची कृती मात्र वेगळी आहे: पाव भाजायचा आणि वाइन, साखर, संत्र्याचा रस यांत भिजवायचा, अंडं नाही. अमेरिकेतल्या कुणा 'फ्रेंच' आडनावाच्या खाणावळवाल्याने १७२४ साली तो शोधला, ही दंतकथा या पुस्तकापुढे टिकत नाही.

दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत यालाच 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात. मुंबईकराला ते ऐकून नवल वाटतं.

१५. मेल्बा टोस्ट?

ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बा यांच्या नावाचा, अगदी पातळ, दोनदा भाजलेला काप. श्रेय बल्लवाचार्य ऑगस्त एस्कॉफिए यांना देतात. जातकुळी आपल्या बेकरीतल्या टोस्टचीच, प्रश्न ६ पाहा.

१६. आजारी माणसाला चहा-टोस्ट द्यायची पद्धत इंग्रजांकडून आली का?

कुणाकडून आली हा हट्ट सोडू, पण विलायतेतल्या आजाऱ्याच्या खोलीतही टोस्ट होताच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पाकपुस्तकांत 'टोस्ट-पाणी' नावाचं पेय असे: कडक भाजलेल्या पावावर उकळतं पाणी ओतून, गाळून रुग्णाला द्यायचं. इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरच्या ग्रंथात तर 'टोस्ट सँडविच' आहे. दोन साध्या स्लाइसमध्ये लोणी, मीठ, मिरपूड आणि मधे एक टोस्ट! पावात पाव. २०११ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने सर्वांत स्वस्त जेवण म्हणून ते पुन्हा चर्चेत आणलं.

अमेरिकेत दुधात भिजवलेला टोस्ट दुबळ्या पोटांसाठी असे. त्यावरून व्यंगचित्रकार एच. टी. वेब्स्टर यांनी १९२४ पासून कॅस्पर मिल्कटोस्ट नावाचा भित्रा, मुळमुळीत माणूस रंगवला. आता इंग्रजीत 'मिल्कटोस्ट' म्हणजे लेचापेचा माणूस. आपल्याकडे 'दूधखुळा' आहे, पण तो भोळा असतो, भित्रा असेलच असं नाही. दोन्हींत दूध आलं म्हणून अनुवादात अदलाबदल करू नका.

१७. 'यू आर टोस्ट' म्हणजे 'तुझ्या नावाने पेला' का?

अजिबात नाही! म्हणजे 'तू संपलास', आपल्याकडचं 'तुझा बाजार उठला'. ही अमेरिकी बोली १९८४ च्या एका भूतपकडू विनोदी हॉलीवूडपटातून पसरली. इथे टोस्ट म्हणजे जळून कोळसा झालेला. 'टोस्ट ऑफ द टाउन' मात्र गावाच्या गळ्यातला ताईत, तो प्रश्न ९ मधला टोस्ट. एकच शब्द, एकात हार, दुसऱ्यात स्मशान. कार्यालयातला निरोप वाचताना 'ऑफ' आहे की नाही ते बघा.

१८. टोस्टर कोणी शोधला?

याचं उत्तर देताना जपून. इंटरनेटवरच्या एका मोठ्या ज्ञानकोशात जवळपास दहा वर्षं एका स्कॉटिश संशोधकाचं चरित्र होतं, फोटोसकट. ते विद्यार्थ्यांनी गमतीत रचलेलं निघालं. २०२२ मध्ये भांडं फुटलं, तोवर ते बातम्यांत आणि पुस्तकांत शिरलं होतं.

पक्कं सांगता येतं ते असं. लाल तापूनही न वितळणारी, न जळणारी तार मिळेपर्यंत विजेचा टोस्टर नीट चालणं शक्य नव्हतं. निकेल-क्रोमियमची ती तार अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०५ च्या सुमारास तयार केली. १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा टोस्टर बाजारात आला. स्लाइस आपोआप उसळणाऱ्या टोस्टरचं पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ साली मिळालं. यंत्राने कापलेला पाव विकायला आला तो त्यानंतर, १९२८ मध्ये, मिसुरीतल्या चिलिकॉथी गावात. म्हणजे आधी टोस्टर, मग स्लाइस ब्रेड. त्याआधी लांब दांड्याच्या काट्याला पाव टोचून चुलीपुढे धरायचा.

१९. 'दोन टोस्ट' बरोबर, मग इंग्रजीत 'टू टोस्ट्स' का चूक?

आजच्या इंग्रजीत पावाचा टोस्ट पीठ-साखरेसारखा अगणनीय आहे, म्हणून 'टोस्टच्या दोन स्लाइस'. 'टू टोस्ट्स' म्हटलं तर दोन भाषणं झाली. पूर्वी तसं नव्हतं. फॉल्स्टाफ 'एक टोस्ट' मागतो आणि रॉबर्ट मेने अनेकवचन छापलं आहे. मराठीत टोस्ट पुल्लिंगी आणि सरळ मोजता येणारा: एक टोस्ट, चार टोस्ट. बेकरीवाला मात्र मोजत नाही, वजन करतो.

२०. परदेशात राहतो. आपला टोस्ट कोणत्या नावाने शोधू?

भारतीय किराणा दुकानात 'रस्क'. जर्मनीत 'त्स्वीबाक', नेदरलंड्समध्ये गोल 'बेस्खाउट', जो बिस्किटाचाच भाऊ आहे. इटलीत 'फेत्ते बिस्कोत्ताते', न्याहारीच्या जॅमशेजारी ठेवलेले असतात. रशियात 'सुखारी' मागा. तो शब्द 'सुखोय' म्हणजे कोरडा यावरून आला आहे, आणि 'सुखोय' आपल्या 'शुष्क'चा, म्हणजे 'सुक्या'चा सख्खा नातेवाईक. भारतीय दुकानातला रस्क सोडला, तर वेलचीचा वास यांपैकी बहुतेकांना नसतो, ती चहात टाका.